ओढलेला तीर

"आणि पातं हाडाला लागून फिरलं तर?"

लखमाचा हा सकाळपासूनचा कितवा प्रश्न, ते केरूआजाने मोजलं नव्हतं. मोजत बसला असता तर हातातलं काम राहिलं असतं. तीरासाठी वेळूची एक दांडी तो निखाऱ्यावर धरत होता, गुडघ्यावर दाबून सरळ करत होता, एक डोळा मिटून तिच्या टोकाकडे बघत होता. मग पुन्हा निखाऱ्यावर.

"आजा, मी विचारतोय."

"ऐकतोय."

"फिरलं तर?"

केरूआजाने निखाऱ्यांवर फुंकर घातली ...



गोष्ट शिरसपाड्याची. रानात शिकारीला बंदी नव्हती, तेव्हाची. होळी होऊन गेली, मोहाची फुलं गळायला लागली, की पाड्यात रानाईचा, रानातल्या देवीचा, दिवस यायचा. त्या दिवशीचा मान एका घराचा. दर साली घर वेगळं. त्या घरातल्या एका गड्याने एकट्याने रानात जायचं, सोबत एकच तीर न्यायचा, आणि दिवस मावळायच्या आत चितळाचा नर आणून रानाईपुढे ठेवायचा. दुसरा तीर का नाही, असं कुणी विचारलं तर म्हातारे सांगत, दुसरा असला की पहिल्याकडे लक्ष राहत नाही.

जनावर मिळालं तर पाड्याला मेजवानी. दिसलंच नाही तर नाही. रान काही आपल्या दावणीला बांधलेलं नाही, असं म्हणून लोक डाळभात खात आणि घरी जात. त्यात लाज नव्हती.

लाज वेगळ्या गोष्टीत होती. जनावराला तीर लागला, ते जखमी होऊन निसटलं आणि मग सापडलंच नाही, तर त्या गड्याने जन्मभर जेवताना आपल्या शेजारी दुसरं पान मांडायचं. पहिला घास त्या पानावर, मग आपल्या तोंडात. जेवण झालं की ते पान रानाच्या कडेला नेऊन ठेवायचं. हरणाचं पान म्हणत त्याला. ते मांडायला सांगायचं केरूआजाने, आणि उचलायला सांगायचं तेही त्यानेच. कारण रानाईची पूजा त्याच्याकडे होती, आणि पाड्यातल्या झाडून सगळ्या गड्यांना तीरकामठा धरायला शिकवलेलंही त्यानेच.

लखमाच्या बापाचं, माहादूचं, असं एक पान होतं.

लखमाला कळायला लागलं तेव्हापासून त्याने बापाच्या शेजारी ते पान बघितलेलं. लहानपणी त्याला वाटायचं, कुणीतरी जेवायला यायचं आहे. तो दाराकडे बघत बसायचा. लग्नाच्या पंगतीत बाप नेहमी शेवटी बसायचा, म्हणजे रिकाम्या पानाची अडचण कुणाला व्हायला नको. त्याने शिकार कधीच सोडली होती. त्याचा कामठा आढ्याला टांगलेला होता, आणि त्याला वाळवी लागलेली.

झालं काय होतं, ते पाड्यात सगळ्यांना पाठ होतं. माहादूचं पातं बोथट निघालं. हात चांगला, पण लोखंडाने दगा दिला. असं सांगत.

यंदा माहादूला खोकल्याने धरलं होतं. घास गिळतानाही त्रास व्हायचा. तरी पहिला घास पानावरच.  बापाने जायच्या आधी एक तरी जेवण एका पानावर जेवावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि ते पान उठायची वाट म्हातारे एकच सांगत: मान फिरून त्याच घराकडे यावा, आणि त्या घराच्या माणसाने चितळ जागच्या जागी पाडावं.

मान फिरून आला होता. उद्याचा.

म्हणून तर लखमाचा जीव टांगणीला लागलेला. दुसरंही पान मांडायची वेळ आली तर? एकाच घरात दोन? या विचाराने त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

गंमत बघा, हाताची त्याला काळजी नव्हती. पाड्यात त्याच्या तोडीचा तीरंदाज नव्हता, आणि हे त्याला इतरांपेक्षा जरा जास्तच माहीत होतं. वाऱ्यावर झुलणारा भोपळा तो बोलता बोलता फोडायचा. माझा तीर चुकत नाही, असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि कुणी नाही म्हणत नव्हतं. त्याला धास्ती होती ती लोखंडाची. बापाला दगा दिला तो लोखंडानेच ना?

थंडी सुरू झाल्यापासून तो बाजारच्या लोहाराच्या मागे लागला होता. असं कर, तसं कर, जरा रुंद कर, जरा बारीक कर. शेवटी लोहाराने हात जोडले. आता ती सगळी पाती एका फडक्यात बांधून त्याने केरूआजाच्या अंगणात आणली होती.

"बघा तरी," तो म्हणाला, आणि त्याने फडकं उघडलं.

केरूआजाने नजर टाकली. हात लावला नाही.

मग लखमाच बोलत सुटला. हे रुंद पातं. जखम मोठी करतं, रक्त भरपूर सांडतं, माग काढायला सोपं. पण रुंद पात्याला वारा धरतो, तीर भरकटतो. हे अरुंद. सरळ जातं, खोल जातं. पण जखम मिटते, रक्ताचा थेंब खाली पडत नाही, आणि जनावर झाडीत शिरलं की शोधायचं कुठे? हे जड. हाड फोडून जाईल. पण जड म्हणजे लवकर खाली येणार, हातभर चूक पडणार. मग दांडीचं. नरम दांडी घ्यावी तर सुटताना वाकते, कडक घ्यावी तर बाजूला जाते. पिसं मोराची लावावीत की घारीची? लाखेने चिकटवलं तर ताज्या लाखेचा वास जनावराला येईल का? नुसत्या तातीने, आतड्याच्या दोरीने, बांधलं तर उन्हात तात सैल पडेल का?

जे पातं उचलावं त्यात त्याला खोट दिसायची, आणि जी खोट दिसायची ती उद्या नेमकी होणार याची त्याला खात्री वाटायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही उगीच नाही.

बोलून बोलून त्याच्या घशाला कोरड पडली. केरूआजाने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"यातल्या कशाची भीती तुला कमी वाटते?" म्हाताऱ्याने विचारलं.

लखमाने विचार करायला वेळ घेतला नाही. त्याने काटेरी पातं उचललं. दोन्ही अंगांना मागे वळलेले आकडे होते त्याला.

"हे. एकदा आत गेलं की बाहेर येत नाही. जनावर पळालं तरी तीर घेऊन पळणार."

केरूआजा उठला. कुडाशी चामड्याचा एक जुना तुकडा पाण्यात भिजत घातलेला होता, तो त्याने आणला. पेंढ्याच्या भाऱ्यावर दुहेरी घालून पसरला. ते काटेरी पातं हातानेच त्यात दाबलं, आकडे आत जाईपर्यंत.

"काढ."

लखमाने ओढलं. निघेना. पाय लावून ओढलं तेव्हा निघालं, पण चामडं फाटून त्याच्याबरोबर आलं, आणि मागून पेंढाही.

"शिकारीत काढायचं कशाला?" तो जरा चिडूनच म्हणाला. "गेलं की गेलं. काम झालं."

केरूआजाने फाटलेलं चामडं उलटसुलट करून बघितलं. त्याच्या वहाणेला ते लागणार होतं बहुतेक.

"काढता येत नाही ते मी भात्यात ठेवत नाही," तो म्हणाला. आणि पुन्हा निखाऱ्यांपाशी जाऊन बसला.

लखमाला याचा अर्थ लागला नाही. लागला नाही म्हणून आणखी घाबरला. उद्या सूर्य उगवायच्या आत निघायचं, आणि हा म्हातारा चामड्याचे तुकडे दाखवत बसलाय. इतर गुरू शिष्याच्या डोक्यावर हात ठेवतात, चार गोष्टी सांगतात. याच्याकडे कोडीच जास्त.

"आजा, मला सरळ सांगा ना. कोणता तीर नेऊ?"

"कामठा उचल."

लखमाने उचलला. हे मात्र त्याच्या आवडीचं होतं.

कुंपणाच्या काठीला एक वाळका भोपळा लोंबत होता. केरूआजाने हनुवटीने तो दाखवला.

"ओढ."

लखमाने तीर लावला, दोरी कानापर्यंत ओढली. नजर भोपळ्यावर. आता फक्त म्हाताऱ्याने 'सोड' म्हणायचं होतं.

म्हातारा काही म्हणाला नाही. त्याने दुसरी दांडी घेतली, निखाऱ्यावर धरली ...

लखमा थांबला. खांदा दुखायला लागला. त्याने तिरप्या डोळ्याने बघितलं. केरूआजाचं लक्ष दांडीत. कपाळावरचा घाम भुवईत उतरला. दंड थरथरायला लागला. दोरी बोटांत रुतली. म्हातारा विसरला की काय?

शिरसपाड्यात पोराच्या हातात कामठा द्यायच्या आधी एक म्हण देत. ओढलेला तीर भात्यात परत जात नाही. बोललेला शब्द, दिलेली पोर आणि ओढलेला तीर, या तीन गोष्टी मागे घेणारा बायल्या, असं तिथे मानत. पोरं खेळात कामठा ओढायची तेव्हा समोर काही नसलं तरी आकाशात तीर सोडून द्यायची, पण दोरी सैल करायची नाहीत. लखमाने जन्मात कधी केली नव्हती.

हात आणखी थांबेना. त्याने सोडला.

भोपळा मधोमध फुटला. बिया अंगणभर झाल्या, आणि कोंबड्या धावत आल्या.

लखमाने अभिमानाने मागे बघितलं. थरथरत्या हाताने एवढा नेम! केरूआजा बियांकडे बघत होता.

"मी 'सोड' म्हटलं होतं?"

"नाही."

"मग?"

"ओढला होता ना."

केरूआजाने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. इतका वेळ, की लखमाला आपलं काय चुकलं ते शोधावंसं वाटायला लागलं, आणि सापडलं तर काहीच नाही.

मग म्हाताऱ्याने फडक्यातलं एक पातं उचललं. साधं, जांभळीच्या पानाएवढं, ना रुंद ना अरुंद. लोहाराने सगळ्यात आधी केलेलं आणि लखमाने सगळ्यात आधी नापसंत केलेलं. निसण्यावर पाणी शिंपडून त्याने ते घासायला घेतलं. घाई नाही. एक अंग, मग दुसरं अंग. मनगटावर फिरवून बघितलं, केस निघाले. सरळ केलेल्या दांडीत बसवलं, तातीने आवळलं, लाखेचं बोट फिरवलं, धुरावर धरलं.

"हे?" लखमा म्हणाला.

"हे."

"हेच का?"

"हाताला आलं म्हणून."

लखमाला रडावं की हसावं कळेना. सगळ्या हिवाळ्याची मेहनत, आणि निवड अशी, भाजीतला कांदा उचलावा तशी. त्याने तीर हातात घेतला आणि त्याच्या अंगावर काटा आला.

"बापाचंही असंच होतं म्हणतात. साधं. बोथट."

"साधं होतं," केरूआजा म्हणाला. "बोथट नव्हतं. मीच घासलेलं. असेच केस निघाले होते."

 लहानपणापासून ऐकलेली गोष्ट म्हाताऱ्याने एका वाक्यात मोडली होती.

"लोक तर म्हणतात ..."

"लोकांना लोखंडाला बोल लावणं सोपं जातं."

"मग झालं काय होतं, आजा?"

केरूआजाने निखाऱ्यांवर राख ओढली.

"ज्याचं पान त्याला विचार."

दिवेलागणीला लखमा घरी आला तेव्हा माहादू जेवायला बसत होता. पळसाची दोन पानं पुढे होती. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, दुसऱ्या पानावर ठेवला, आणि मग आपल्या पानाकडे वळला. लखमा समोर बसला. हा प्रश्न त्याने बापाला कधी विचारला नव्हता. घरात तो विषयच निघत नसे. 

"बाबा, पातं बोथट नव्हतं ना?"

माहादूचा घास हातात राहिला. खोकल्याची उबळ आली, ती जाऊ दिली.

"नव्हतं."

"मग?"

"समोर उभं होतं. आडवं. चांगलं दिसत होतं. मी ओढला ... आणि ते वळलं."

"वळलं तर मग सोडला कशाला?"

माहादूने पोराकडे बघितलं. इतक्या वर्षांत कुणी त्याला हे विचारलं नव्हतं, आणि उत्तर तर त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून होतं.

"ओढला होता ना," तो म्हणाला.

 माहादूने जेवण आटोपलं, हरणाचं पान उचललं आणि खोकत खोकत रानाच्या कडेकडे गेला. लखमा त्याच्या पाठीकडे बघत राहिला. त्या रात्री त्याने तीर उशाशी घेतला खरा, पण पात्याची भीती त्याला आता वाटेना. भीती गेली होती असं नाही. ती लोखंडातून निघून त्याच्याच हातात येऊन बसली होती, आणि लोखंड निदान निसण्यावर घासता तरी येतं.

पहाटेच तो निघाला. दरीतल्या डोहाशी, वारा तोंडावर येईल अशा बाजूला, करवंदीच्या जाळीत बसला.

दिवस वर आला. माशा तोंडावर बसल्या. लखमाने हलायचं नाही असं ठरवलं होतं, पण हात राहून राहून पात्याकडे जायचा. तात सैल तर नाही ना पडली? नव्हती पडली. लाखेचा वास येतोय का? येत नव्हता. मग त्याला वाटे, आज काही येऊच नये. दिसलं नाही तर लाज नाही. डाळभात खाऊन लोक घरी जातील. लगेच बापाचा खोकला आठवे, आणि वाटे, येऊ दे रे रानाई, एकच येऊ दे.

पाखरं गप्प झाली. ऊन कलायला लागलं.

आधी माद्या आल्या. कान टवकारत, थांबत, पुढे येत. त्या पाणी पिऊन बाजूला झाल्या, आणि त्यांच्या मागून नर आला. शिंगं उंच, पाठीवरचे ठिपके उन्हात लख्ख. डोहाच्या काठाशी आला आणि आडवा उभा राहिला. पुढच्या पायामागची जागा लखमाला तळहातासारखी स्पष्ट दिसत होती.

त्याने ओढला.

दोरी कानापाशी आली, आणि नर वळला.

कशाला वळला कोण जाणे. त्याला वास आला नव्हता, आवाजही नाही. पाण्याला तोंड लावायला पाय नीट रोवावेत म्हणून वळला असेल. आता लखमाकडे त्याचा मागचा भाग होता. मांडी, आणि पोटाची कड. छाती आड गेली होती. मान खाली घालून तो पाणी प्यायला लागला.

लखमाची पाचावर धारण बसली.

फिरेल, तो मनात म्हणाला. आता फिरेल. दोरी बोटांत रुतत गेली. खांदा पेटला. नर पाणी पीत होता. सगळ्या पाड्याचं बोलणं लखमाच्या कानात एकदम सुरू झालं. ओढलेला तीर परत जात नाही. पोटाच्या कडेने आत जाईलही, कुणी सांगावं. तुझा हात, तुझा नेम. कालच नाही का भोपळा फोडलास थरथरत्या हाताने? सोड. बापाचं पान उठेल. सोड, दंड गेलाय आता, सोड.

त्याला फुटलेला भोपळा दिसला. मग भाकरीचा तुकडा दिसला, रिकाम्या पानावर ठेवलेला.

त्याने दोरी सैल करायला घेतली.

ती सोडण्यापेक्षा अवघड निघाली. हात शिकलेलाच नव्हता. दोरी ओढत होती, सुटू बघत होती, आणि लखमा दात आवळून बोट बोट तिला पुढे नेत होता. डोळ्यांत पाणी आलं होतं. दुखण्याचं होतं की दुसरं कशाचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. शेवटी कामठा सरळ झाला. तीर त्याच्या मांडीवर पडला.

नर पोटभर प्यायला. त्याने मान वर केली. तोंडावरून पाणी ठिबकत होतं. जाळीकडे जरा वेळ बघितलं, आणि चालत चालत माद्यांच्या मागे झाडीत गेला.

लखमा तिथेच बसून रडला. मग डोळे पुसून उन्हाचा शेवटचा कवडसा जाईपर्यंत वाट बघितली. दुसरं काही आलं नाही.

रानाईच्या ठाण्यापुढे सगळा पाडा जमला होता. चुलवणं पेटलेली, मसाला वाटून तयार. माहादू एका बाजूला उभा होता. लखमा झाडीतून बाहेर आला तेव्हा आधी सगळ्यांनी त्याच्या खांद्याकडे बघितलं. खांदा रिकामा होता. मग तीराकडे बघितलं. पातं कोरडं होतं.

पाड्याचा कारभारी भला माणूस होता. तो पुढे आला आणि पोराची मान खाली जाऊ नये म्हणून आपणच म्हणाला, "दिसलंच नाही, होय?"

हो म्हटलं की झालं. लाज नव्हती त्यात. लखमाच्या ओठांवर ते आलंही. त्याने बापाकडे बघितलं.

"दिसलं," तो म्हणाला.

"मग? चुकला?"

"नाही. ओढला होता. ते वळलं ... मी परत घेतला."

 एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. मागे कुणीतरी हसलं. असलं आपल्या पाड्यात कधी झालं नाही, असं एकजण दुसऱ्याला सांगायला लागला, आणि दुसरा म्हणाला, बापाने निदान सोडला तरी होता.  रानाईला काय सांगायचं, असं म्हणत कारभारी केरूआजाकडे वळला.

केरूआजाने लखमाच्या हातातून तीर घेतला. पात्यावर अंगठा फिरवला. दांडी डोळ्यापुढे धरून बघितली. मग विचारलं,

"मग त्याने काय केलं?"

"कुणी?"

"चितळाने."

लखमाला कळेना, हे काय विचारणं. "पाणी प्यायलं," तो म्हणाला. "आणि गेलं."

"हं," केरूआजा म्हणाला.

बस, एवढंच. लखमाला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

डाळभात रटरटून तयार झाला, पानं मांडली गेली, पंगत बसली. लखमाच्या शेजारी कुणी बसायला बघेना, म्हणून तो शेवटी बापाच्या पलीकडे जाऊन बसला. मधे हरणाचं पान होतं. लखमाने मान वर केली नाही. सगळ्या पाड्यापुढे नाव गेलं, त्याचं त्याला तेवढं वाईट वाटत नव्हतं. बापाचं पान तसंच राहिलं, ते त्याला खात होतं. आता मान फिरून यायला किती सालं जातील, आणि तोवर बाप ...

माहादूने भात कालवला. पहिला घास उचलला. सवयीने त्याचा हात शेजारच्या पानाकडे गेला.

तो हात पोचला नाही. मनगट कुणीतरी धरलं होतं.

माहादूने वर बघितलं. केरूआजा वाकून उभा होता. दुसऱ्या हाताने म्हाताऱ्याने ते रिकामं पान जमिनीवरून उचललं, त्याची घडी घातली आणि आपल्या कमरेला खोचली. पंगत जागच्या जागी थांबली. 

"जेव, माहादू," केरूआजा म्हणाला. "तुझं हरीण पाणी पिऊन गेलं."